‘लूज कपलिंग’ला ‘सैल जोडणी’ म्हणावं का?

तळटीप: बिलिंग सॉफ्टवेअरच्या मराठी पुस्तिकेत ‘मॉड्यूलमधली जोडणी सैल ठेवा’ असं वाक्य आहे. मूळ शब्द ‘लूज कपलिंग’, म्हणजे प्रोग्रामचा एक भाग (मॉड्यूल) बदलला तरी दुसऱ्याला फारसा हात लावावा लागू नये. तपासणाऱ्यांचा आक्षेप: सैल जोडणी म्हणजे बिघाड, वायर सैल असली की ठिणग्या उडतात. इथे तर सैलपणा हवा आहे. दुसरं काय सुचतं?

गोदाकाठ: ‘अल्प परस्परावलंबन’.

मधलीसुट्टी: परस्पर म्हटलं की दोन्हीकडून आलं. चांगल्या रचनेत अवलंबन एकाच दिशेने जातं. ‘बिल साठव’ एवढा इंटरफेस (काय करायचं याचा नुसता करार) करनियमांच्या बाजूला राहतो आणि एसक्यूएलचा, म्हणजे डेटाबेसशी बोलणारा, क्लास तो पाळतो. त्यामुळे डेटाबेस बदलला तरी नियमांना हात लागत नाही.

शेंडेनक्षत्र: कपलिंगच ठेवा. रेल्वेमुळे सगळ्यांना कळतं. डबे जोडतातही आणि सोडवतातही.

गोदाकाठ: मग मराठी पुस्तिका कशाला? स्टीव्हन्स, मायर्स आणि कॉन्स्टंटाइन यांच्या १९७४च्या लेखात कपलिंग आणि कोहीजन (एका मॉड्यूलच्या आतली बांधणी) जोडीने येतात. कोहीजनला ‘एकसंधता’ चालतं, तर याला ‘सुटेपणा’ घ्या. सैल हा शिथिलवरून आलाय, ढिलाई त्यात आहेच.

मधलीसुट्टी: सुटे म्हणजे संबंधच नाही असं वाटतं. संबंध हवा, पण एकाच जागी. २२ सप्टेंबर २०२५ला तुपाचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. स्क्रीन, रिपोर्ट आणि स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेला प्रोग्राम) अशा तिन्हीकडे १२ लिहिलेला असेल तर एखादी जागा हमखास राहते. आणि सगळीकडे नुसता ५ केला तर ऑगस्टच्या बिलाची क्रेडिट नोटही (आधीच्या बिलातली रक्कम कमी करणारा कागद) ५ने निघते. ती मूळ दरानेच हवी. एकच टेबल करा: एचएसएन (वस्तूचा कर-कोड), दर, लागू-पासून, लागू-पर्यंत. दर काढणाऱ्या फंक्शनला तारीख बाहेरून द्या. आत ‘आज’ वाचलात तर जुन्या बिलाची टेस्ट लिहिताच येत नाही.

शेंडेनक्षत्र: कुठली तारीख? दर बदलताना सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) कायद्याचं कलम १४ लागतं. पुरवठा, बिल आणि पैसे, या तीनपैकी दोन तारखा बदलाच्या ज्या बाजूला, तो दर.

तळटीप: म्हणजे फंक्शनला तिन्ही तारखा द्यायच्या? पुस्तिकेत एकच आहे.

मधलीसुट्टी: तिन्ही. दरबदलानंतरही पैसे यायचे बाकी असतील तर ती तारीख ‘बदलानंतर’ धरायची, रिकामी सोडायची नाही.

गोदाकाठ: ‘सुटेपणा’वर कुणीच बोललं नाही.

शेंडेनक्षत्र: आगाऊ रक्कम हप्त्याने आली असेल तर? प्रत्येक हप्त्याची तारीख वेगळी तपासावी लागेल ना?