निम्मे-निम्मे नको, आधी माती कोणी हलवली ते बघा

उतारावरच्या दोन शेजारी प्लॉटांमध्ये माती अडवणारी भिंत बांधायची आहे. वरच्या प्लॉटवाल्याने 2 फूट भराव टाकलाय, खालच्याने घरासाठी 5 फूट उतार कापलाय, मग 7 फुटी भिंतीचा खर्च निम्मा-निम्मा का, हा प्रश्न रास्त आहे. मूळ जमिनीला शेजारच्या मातीचा आधार मिळण्याचा हक्क 1882 च्या सुविधाधिकार कायद्यात (कलम 7) आहे, पण तो नैसर्गिक स्थितीतल्या जमिनीला. भरावाला नाही. म्हणजे कापणाऱ्याने 5 फुटांचं बघायचं, भराववाल्याने वरच्या दोनचं.

पण 5:2 असा सरळ हिशेबही चुकतो. मातीचा रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो. 5 चे 7 फूट झाले की जवळपास दुप्पट. त्या दोन फुटांपायी खालचा पायाही रुंदावतो. म्हणून 5 फुटी आणि 7 फुटी अशी दोन एस्टिमेटं घ्या. पहिलं खालच्याचं, वरचा फरक भराववाल्याचा.

कोकणातल्या पावसात भिंत पडते ती बहुतेक वेळा मागे तुंबलेल्या पाण्याने. ते पाणी निघायला भिंतीत दर दीड मीटरला 3 इंची पाइप, बाहेर उतरता, आणि मागे फूटभर जाडीचा खडीचा थर. ठेकेदार नेमकी खडी वाचवतो आणि तिथे खोदलेली लाल मातीच परत ढकलतो. दोन पावसाळ्यांत पाइप बंद. पाइपातलं पाणी खालच्याच्या अंगणात येणार, तेव्हा त्याचं गटार कोण बांधणार तेही आत्ताच स्टॅम्पपेपरवर घ्या. आणि मोजणी आधी! पाया हद्दीच्या दगडापलीकडे गेला तर खर्चाचा वाद बाजूला राहतो, अतिक्रमणाचा सुरू होतो.