भूकंपाआधी हवेतली वीज बदलते म्हणे, खरं काय?

रंकाळाकर:
परवा रात्री बारका धक्का बसला, मांडणीवरची भांडी वाजली एवढंच, पण आईनं लगेच ६७ च्या कोयनेच्या भूकंपाचा विषय काढला, मग झोप कुणाला येतीय. त्यात फॅमिली ग्रुपवर मेसेज की भूकंपाआधी जमिनीतनं गॅस येतो, हवेतली वीज बदलते, मशीन लावलं की आधीच कळतं. खरंच असं काय हाय का? गच्चीवर लावता येतंय का?

गुऱ्हाळवाला:
भावा, अगदीच फेकाफेकी न्हाई. निरभ्र दिवशीपण जमिनीलगत हवेत दर मीटर उंचीला साधारण १०० व्होल्टचा फरक असतोच. आता कल्पना अशी, की खडक ताणला, भेगा पडल्या की रेडॉन नावाचा गॅस वर येतो, तो किरणोत्सारी, त्यामुळं हवेत आयन म्हणजे चार्ज असलेले कण वाढतात, हवेतनं वीज सहज वाहते आणि तो फरक कमी होतो. इथपर्यंत झ्याक. पण मी कॉलेजात प्रोजेक्टला फील्ड मिल, म्हणजे हाच फरक मोजायचं मशीन, केलेली, टेबलफॅनची मोटर, वर पत्र्याची पाती, खाली थाळी, पाती फिरंल तशी थाळी झाकायची-उघडायची आणि तिच्यावरचा चार्ज मोजायचा. थंडीत पंचगंगेवरनं धुकं आलं की आकडा वर, शेजारचं गुऱ्हाळ पेटलं की अजून वर, वळवाचा ढग आला की आकडा उलटा आणि थेट हजारात. एका सकाळी आकडा पार शून्याला बसला, म्हटलं आज काय खरं न्हाई, धावत वर गेलो तर इन्सुलेटरवर कोळ्याचं जाळं, दवानं भिजलेलं, सगळा चार्ज त्यातनं गळालेला 😂

दख्खनी दगड:
कोळी भारीच. फ्रान्सनं २००४ ला डेमेटर नावाचा उपग्रह खास याच कामाला सोडलेला, २०१० पर्यंत चालला, वरच्या आयनांच्या थरात बदल दिसतात का बघायला. भूकंपांचा आकडेवारीतनं थोडा संबंध काढलाय लोकांनी, पण उद्या अमुक ठिकाणी हलणार असं त्यातनं कुणाला सांगता येत न्हाई. आपल्याकडं कोयनेत गोठणे गावाजवळ खालच्या खडकातच बघायला ३ किलोमीटर खोल भोक पाडलंय, कारण धरण भरल्यापास्नं तिथं त्याच छोट्या पट्ट्यात परत परत हलतंय, असली जागा जगात फार कमी. मला इचाराल तर वर हवेत बघण्यापेक्षा ते बरं.

रंकाळाकर:
मग मशीन कॅन्सल. आईला सांगितलं तर म्हणाली, ते ऱ्हाऊ दे, आधी मांडणी भिंतीला ठोकून घे. ड्रिल आणलंय, पण भिंत जुनी भेंड्या मातीची हाय, स्क्रू धरंना. कुणाला काय आयडिया?