एडिनबर्गच्या जानेवारीत बाबांना गोल्फ खेळवायचा आहे, सल्ला हवा

येरवडेकर:
नमस्कार मंडळी. दोन वर्षांपासून मी एडिनबर्गला आहे. जानेवारीत आई-बाबा तीन आठवड्यांसाठी येत आहेत. बाबा ६८ वर्षांचे. आठवी-नववीत असताना शाळा सुटली की ते येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर कॅडीचं काम करायचे. दुसऱ्यांच्या बॅगा वाहता वाहता खेळ शिकले, पण स्वतः फारसं खेळायला कधी मिळालं नाही. आता म्हणतात, "सेंट अँड्र्यूजच्या गवतावर एकदा चेंडू मारायचाय." त्यांनी माझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही, म्हणून हे व्हायलाच हवं. ताईचं बाळंतपण असल्यामुळे उन्हाळ्यात येणं जमणार नाही. मी स्वतः इथे फक्त मे ते सप्टेंबर खेळलोय.

जानेवारीत कोर्स सुरू असतात का? कपडे कसले घ्यायचे? सेंट अँड्र्यूजच्या प्रसिद्ध ओल्ड कोर्सवर खेळायला मिळावं म्हणून तिथल्या सोडतीत नाव घालू का? बाबांना रक्तदाबाची गोळी सुरू आहे.

उत्तरवारा:
अकरा वर्षं अबर्डीनला आहे आणि बाराही महिने खेळतो. कोर्स सुरू असतात, पण कुठला निवडताय त्यावर सगळं आहे. झाडीतले, आतल्या भागातले कोर्स डिसेंबरपासून चिखलात रुततात. समुद्राकाठचे लिंक्स मात्र वाळूवर वसलेले. पाऊस पडला की पाणी खाली निघून जातं आणि गवत कडक राहतं. मसलबरा, गलन, नॉर्थ बेरिक, सेंट अँड्र्यूज, सगळे त्याच जातीचे. तेव्हा किनारा सोडू नका.

खरा शत्रू पाऊस नाही, गोठलेलं दंव. गवताच्या पात्यातलं पाणी गोठलेलं असताना त्यावर पाय पडला की आतल्या पेशी फुटतात आणि दोन-तीन दिवसांनी तिथे पावलाच्या आकाराचा तपकिरी डाग उठतो. म्हणून सकाळी ग्रीन (होलभोवतीचं अगदी बारीक कापलेलं गवत) बंद ठेवतात, किंवा फेअरवेवरच (ग्रीनपर्यंतच्या मोकळ्या हिरवळीवर) गवत कापून तात्पुरतं ग्रीन करतात. जानेवारीत सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो, दुपारीसुद्धा क्षितिजाला धरूनच असतो आणि चारच्या आसपास मावळतो. दंव वितळायला दहा-अकरा वाजतात. नऊची वेळ घेऊन गारठत थांबू नका, अकराची घ्या. अठरा होल उजेडात संपवायची घाई होईल, म्हणून नऊच खेळा. निघण्याआधी कोर्सला फोन करून आज काय उघडं आहे ते विचारा.

कानटोपी:
दादा, कपड्यांचं मी सांगते. एक जाड जॅकेट घालून उपयोग नाही, हात फिरत नाहीत. अंगालगत मेरिनो लोकरीचा पातळ बनियन, त्यावर पातळ स्वेटर, वरून वारा आणि पाणी अडवणारं हलकं जॅकेट. सुती बनियन अजिबात नको. घामाने ओला झाला की वाऱ्यात अंग काकडतं. गळ्याला मफलरऐवजी डोक्यातून घालायची लोकरी नळी घ्या, स्विंगमध्ये टोक मध्ये येत नाही. कानटोपी हवीच. बाबांना पुण्याहून त्यांची नेहमीचीच आणू दे.

हात सगळ्यात महत्त्वाचे. बोटं बधिर झाली की दांडा नीट धरला जात नाही. दोन्ही हातांना पावसाळी ग्लोव्ह (ते ओले झाल्यावर उलट जास्त चांगले धरतात), आणि दोन फटक्यांच्या मध्ये वरून मोठे उबदार मिटन. खिशात गरम राहणारी पाकिटं मिळतात, आत लोखंडाची पूड असते आणि हवा लागली की तापते. दोन घ्या. थर्मासमध्ये आल्याचा चहा. बूट पाणी न शिरणारे आणि खिळ्यांचे, कारण ओल्या उतारावर पाय सटकतो.

डॉक्टरीण:
थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण येतो. त्यामुळे येण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या. गोळी चुकवू द्यायची नाही. बॅग बाबांनी उचलायची नाही, ते हट्ट करतील तरीही. पहिल्या फटक्याआधी दहा मिनिटं भरभर चालणं, खांदे आणि कंबर मोकळी करणं. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं असं काही जाणवलं तर खेळ तिथेच थांबवून ९९९ ला फोन.

उत्तरवारा:
ताईंचं बरोबर आहे. बॅगेवरून आठवलं, जमीन ओली असली की बरेच कोर्स बॅग ओढायची ट्रॉली बंद करतात. सगळे क्लब (चेंडू मारायच्या काठ्या) नेऊ नका, पाच-सहा पुरतात.

आणि चेंडू इथे कमी जातो हे बाबांना आधी सांगा, नाहीतर वयामुळे ताकद गेली असं वाटून खट्टू होतील. थंड हवा दाट असते. पुण्यातल्या २५ अंशांच्या मानाने इथली २ अंशांची हवा सुमारे ८ टक्के दाट. त्यात पुणे ५६० मीटर उंचावर आणि सेंट अँड्र्यूज समुद्रालगत. दोन्ही मिळून हवेच्या दाटपणातला फरक १५ टक्क्यांपर्यंत जातो. थंड चेंडूही कमी उसळतो. नेहमीपेक्षा एक क्लब मोठा, म्हणजे एक नंबर कमीचा घ्या (नंबर जितका कमी, चेंडू तितका लांब) आणि हळू फिरवा. गोठलेल्या जमिनीवर चेंडू दगडावर पडल्यासारखा उडतो, म्हणून ग्रीनच्या बराच अलीकडे टाकून घरंगळत न्यायचा. वेजने (चेंडू उंच उडवणाऱ्या आखूड क्लबने) जमीन खणायला जाऊ नका, मनगटाला झटका बसतो.

नियमपुस्तक:
चेंडू मुद्दाम तापवणं नियमात बसत नाही, स्पर्धेत बाद करतात. हात शेकायला मात्र परवानगी आहे. बर्फ साचला असेल तर हाताने बाजूला करता येतो, पण दंव पुसता येत नाही. पांढरा चेंडू दंवात दिसत नाही, पिवळा घ्या.

येरवडेकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. ओल्ड कोर्सचं काय करू?

उत्तरवारा:
सोडत दोन दिवस आधी निघते आणि हँडिकॅपचा (खेळाडूची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा) दाखला लागतो. बाबांकडे तो नसेल. हिवाळ्यात फेअरवेवर छोट्या चटईवरूनच मारावं लागतं, म्हणजे त्यांना हवंय ते गवत तिथे मिळणारच नाही. त्यामागे लागू नका. शेजारी बालगोव्ह आहे, नऊ होलचा, नवशिक्यांसाठी. दाखला लागत नाही. जमीन तीच, समुद्र तोच.

आणि रविवार निवडा. रविवारी ओल्ड कोर्सवर सहसा खेळ नसतो. गावातली माणसं कुत्री घेऊन, पोरं घेऊन फिरतात. तिथल्या जुन्या दगडी स्विल्कन पुलावर उभं राहायला कोणी अडवत नाही. गाडी नसेल तर आगगाडीने ल्यूकर्स, पुढे बस.

येरवडेकर:
आई-बाबा आलेत. कालच जाऊन आलो. सकाळी उणे एक, वारा नव्हता. आधी ओल्ड कोर्सवर फिरलो. लोक इकडून तिकडे जात होते, पण बाबांनी अठराव्या ग्रीनवर पाऊल ठेवलं नाही. कडेकडेने गेले. आईला म्हणाले, "दंव आहे, डाग पडेल." मी त्यांना इथलं काहीच वाचून दाखवलं नव्हतं.

साडेअकराला बालगोव्ह. बॅग मी घेतली, ते दोनदा घ्यायला आले, दिली नाही. एका छोट्या होलवर मी सात नंबरचा क्लब काढून पुढे केला. त्यांनी बोट ओलं करून वारा पाहिला, चेंडूकडे बघितलं आणि म्हणाले, "थंडी आहे. सहा दे."