बीएस-एमडी: हॉस्पिटलचा अनुभव नसेल तर

मुलगी अकरावीत, वैद्यकीय अनुभव शून्य, तरी अमेरिकेतल्या बीएस-एमडीला (बारावीनंतर पदवी आणि डॉक्टरकी या दोन्हींसाठी एकत्रच प्रवेश देणारा अभ्यासक्रम) अर्ज करावा का, असं एका पालकांनी विचारलंय. जरूर करावा. हॉस्पिटलमधल्या स्वयंसेवकांच्या प्रतीक्षायादीत अडकू नका. जवळच्या वृद्धाश्रमात आठवड्याला ३ तास, पण सलग सहा-आठ महिने जाऊ दे. पत्ते खेळताना आजींचा हात थरथरतो, मग त्या पत्ते कसे धरतात, हे त्याच रात्री वहीत लिहायला सांगा. अर्जासोबतचा निबंध तिथूनच निघतो. कॉमन ॲपमध्ये (अनेक अमेरिकन कॉलेजांसाठीचा सामायिक ऑनलाइन अर्ज) एका उपक्रमाच्या वर्णनाला जेमतेम १५० अक्षरं मिळतात. नुसतं ओळखीच्या डॉक्टरांकडे दोन दिवस बसून आल्यावर मुलाखतीत ‘नर्स का नाही, डॉक्टरच का?’ या प्रश्नावर मुलं अडखळतात. एच-४ व्हिसावर (अमेरिकेत कामाच्या व्हिसावर असलेल्यांच्या कुटुंबाला मिळणारा) असाल तर आधी नागरिकत्वाची अट पाहा. बऱ्याच ठिकाणी ग्रीन कार्ड (कायम वास्तव्याचा परवाना) तरी लागतंच.