मदत हवी आहे: पांढऱ्या कांद्याच्या माना पडत नाहीत, काढणी कधी करू?

नमस्कार मंडळी. आम्ही रत्नागिरीजवळ, खाडीपासून थोडं वर राहतो. भात कापून झाल्यावर परसात अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची रोपं लावली. त्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अलिबागकडची खाचरातली माती ओल धरून ठेवते. आमची माती जांभ्याची, पाणी लगेच निचरून जातं, म्हणून शेणखत आणि पालापाचोळा भरपूर घातला होता.

आता लावणीला तीन महिने होत आले. कांदे चांगले पोसलेत, मातीवर दिसू लागलेत, तरी पात हिरवीगार आणि माना (कांद्याच्या डोक्यावरचा पातीचा बुंधा) ताठ. निम्म्या माना आपोआप पडल्या की काढणी करायची, एवढं माहीत आहे. पाणी आत्ताच तोडू की थोड्या माना पडेपर्यंत थांबू? काहीजण पात पायाने तुडवायला सांगतात. मला ते पटत नाही, मान जाड राहून कांदा आतून कुजेल अशी भीती वाटते. कुणी करून पाहिलंय का?

काही रोपांना डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, आलेत. ते कांदे टिकत नाहीत, तेव्हा आधी काढून भाजीला वापरतेय.

खरी काळजी सुकवण्याची. इथली हवा दमट, पहाटे दवही पडतं. पडवीत सावलीला पसरले तर किती दिवस ठेवावेत? आणि माळ विणायची तर पात कितपत सुकलेली हवी? आईला आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, बेगमीत या माळा हव्या आहेत. अलिबागकडच्या कुणी नीट सांगितलं तर फार बरं होईल.