जाहिरातींचं खातं कायमचं बंद झालं, आता साइटचं काय करू?

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथलं वाचते, लिहितेय पहिल्यांदा. जरा लांबेल.

खानापुरात तहसीलदार कचेरीच्या रस्त्याला माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. सहा वर्षांपूर्वी दुकानातूनच एक साइट सुरू केली. विषय एकच, आपल्या कानडी कागदांवर काय लिहिलंय ते मराठीत सांगायचं. आमच्याकडं अजून सगळे 'सात-बारा' म्हणतात, पण हातात मिळते ती पहाणी, आणि ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत कानडी. माझे सासरे १९५६ च्या आधीचे, म्हणजे खानापूर आजच्या कर्नाटकात जायच्या आधीचे, घरचे कागद घडाघडा वाचतात, कारण ते मराठीत आहेत. त्याच शेताची आजची पहाणी मात्र त्यांना मी वाचून दाखवावी लागते. ऐंशीच्या पुढचा माणूस स्वतःच्या जमिनीच्या कागदापुढं नुसता बसून राहतो, ते मला बघवत नव्हतं. म्हणून लिहायला घेतलं. नवव्या रकान्यात मालकाचं नाव आणि क्षेत्र, दहाव्यात जमीन त्याच्याकडं कशी आली, अकराव्यात बोजा आणि इतरांचे हक्क. क्षेत्र ०-२०-०८ असं असलं तर ते २० गुंठे ८ आणे, आणि १६ आण्यांचा एक गुंठा. एकेका रकान्याचा फोटो, त्याखाली कानडी शब्द आपल्या अक्षरांत, मग अर्थ. १४० लेख झालेत.

दोन वर्षांनी जाहिराती लावल्या. १० डॉलर जमले की पत्ता खरा आहे का बघायला टपालानं एक पिन (आकडी कोड) येतो. ते पाकीट पोस्टमननं दुकानात आणून दिलं तो दिवस मला लख्ख आठवतो. गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये कागदाखाली ते अजून आहे. कमाई मोठी नव्हती. दिवसाला नऊशे-हजार पानं उघडली जायची, महिन्याला २५-३० डॉलर. १०० झाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, म्हणून वर्षातून तीनदा बँकेत जमा व्हायचे. त्यातून साइटचं वर्षाचं भाडं निघायचं आणि गेल्या वर्षी दुकानाच्या इन्व्हर्टरला नवी बॅटरी घेतली. खानापूरचा पाऊस ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, जूनपासून लाइट किती टिकते ते.

मागच्या महिन्यात १९ तारखेला सकाळी मेल आला. ११२ डॉलर जमले होते, २१ नंतर कधीही सुटले असते. 'अवैध ट्रॅफिक', म्हणजे खऱ्या वाचकांचे नसलेले क्लिक, आढळलं, खातं बंद. कुठल्या पानावर, कधी, कुणाकडून, एक अक्षर नाही. साइट उघडली तर जाहिरातींच्या जागी पांढरे चौकोन. दुकानात अर्ज भरायला चार माणसं उभी होती, त्यांचे अर्ज भरले, पण हात थरथरत होते. कुणीतरी चारचौघांत चोर म्हणावं आणि कशाची चोरी ते सांगू नये, तसं वाटलं.

मी स्वतः एकाही जाहिरातीवर कधी क्लिक केलेलं नाही. पण गेले पंधरा दिवस विचार करकरून तीन गोष्टी सापडल्यात.

एक, दुकानातल्या चारही कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडला की माझीच साइट उघडेल असं मी करून ठेवलं होतं.

दोन, माझा पुतण्या. बेळगावात कॉलेजला आहे. मेलबद्दल सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "काकू, आम्ही रूमवरचे पाच-सहा जण रोज रात्री दाबत होतो की. तुला मदत म्हणून." त्याला ओरडले नाही. ओरडवलंच नाही.

तीन, आणि हे मला जास्त लागलंय. मागच्या पावसाळ्यात नंदगडकडचे एक आजोबा आले होते. मी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढत होते, म्हणून त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. 'पहाणी कशी काढावी' हा माझाच लेख समोर होता, आणि त्याच्या बरोबर खाली हिरवं मोठं बटण, त्यावर 'डाउनलोड'. ती जाहिरात होती. आजोबा उजव्या हातानं माउस घट्ट धरायचे आणि डाव्या हाताच्या बोटानं त्याचं बटण दाबायचे. भलतंच पान उघडायचं. मी ते बंद करून द्यायची, की परत तेच. तीनदा झालं. "बाई, पहाणी येईना," म्हणाले. मी उठून त्यांची पहाणी काढून दिली, २५ रुपये घेतले आणि विसरले. असे किती जण आले असतील? घरी बसून मोबाइलवर किती जणांनी तेच केलं असेल?

आता विचारायचं ते असं. फेरविचाराचा अर्ज एकदाच नीट बघतात असं ऐकलंय. त्यात पुतण्याचं लिहू की नको? दीर म्हणतात, "माझ्या नावावर नवीन खातं काढ." आणि हे काहीच जमलं नाही तर साइट चालू ठेवावी का? गेल्या पंधरा दिवसांत मी एक ओळ लिहिलेली नाही.

---

निपाणीकर

ताई, मी यातून गेलोय. माझी साइट तंबाखूच्या बाजारभावाची होती, माझं कारण मजकुराचं होतं, तुमच्यासारखं क्लिकचं नाही. पण तो पांढरा चौकोन मीही बघितलाय. महिनाभर घरात नीट बोललो नव्हतो.

दिराच्या नावावर काढू नका. मी बायकोच्या नावावर काढलं होतं. साइट तीच, घरचा पत्ता तोच, कॉम्प्युटर तोच. दीड महिन्यात तेही गेलं, आणि आता तिच्या नावावरही डाग. तिचा त्यात काहीच संबंध नव्हता, हे मला आजही बोचतं.

पुतण्याचं मात्र लिहू नका असं माझं मत. आपणच कबूल केलं की समोरच्याला सोपं जातं. 'माझ्या नकळत कुणीतरी केलं असावं', एवढंच लिहा.

---

टिळकवाडी_दुसरं_गेट

ताई, मी वेबसाइटचंच काम करते, म्हणून जरा सविस्तर. निपाणीच्या दादांचा आदर ठेवून सांगते, पुतण्याचं लिहाच.

अर्जात साधारण हेच विचारतात : साइट कुणाची, वाचक कुठून येतात, तुम्ही किंवा ओळखीच्या कुणी क्लिक केले का, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केलंत. त्यांच्याकडं प्रत्येक क्लिकची नोंद असते, कुठल्या इंटरनेट जोडणीवरून, किती वाजता, उघडलेल्या पानावर माणूस किती सेकंद थांबला. एकाच खोलीतून रोज रात्री पाच-सहा फोन तेच करतात, हे त्यांना तुमच्याआधी दिसलंय. तिथं 'नकळत' लिहिलं तर तुमच्या बाकीच्या खऱ्या वाक्यांचीही किंमत जाते.

ज्याला साइटचं भाडं देता त्या होस्टिंगवाल्याकडून सर्व्हरचे लॉग, म्हणजे नोंदी, काढून ठेवा. त्यात पान कुणी उघडलं ते दिसतं. जाहिरातीवरचा क्लिक दिसत नाही, कारण तो सरळ जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवर जातो. तरी तुमच्या दुकानाच्या जोडणीवरून दिवसाला किती पानं उघडली गेली तेवढं आकड्यात सांगता येईल. चारही कॉम्प्युटरवरचं ते पहिलं पान आजच बदला. आणि लेखातली खरी लिंक आणि जाहिरात यांच्यात मोकळी जागा ठेवा, 'डाउनलोड' शब्दाच्या आसपास जाहिरातच नको. असली बटणवाली जाहिरात दिसली तर ती एकटी बंद करायची सोय खात्यात असते, पण ती आपण रोज जाऊन बघावी लागते. बहुतेक जण बघत नाहीत. मीही सुरुवातीला बघत नव्हते.

एक गोष्ट तुम्हाला बरी वाटणार नाही, पण सांगते. प्रत्येक क्लिकचे पैसे कुणीतरी भरत असतो. समजा आपल्याच बेळगावातल्या ट्रॅक्टरच्या शोरूमवाल्यानं दिवसाचे ५०० रुपये लावलेत, आणि पुतण्याच्या रूमवर त्यातले ४० गेले. त्याच्याकडं गिऱ्हाईक कुणीच आलं नाही. म्हणून खातं बंद झाल्यावर तुमच्याकडचे अडकलेले पैसे जाहिरातदारांना परत देतात. कधीकधी ३० दिवसांनी हिशेब होऊन खऱ्या क्लिकांचा भाग मिळतोही, तेवढं लक्ष ठेवा. पण तुम्ही चोर नाही आहात. मेल न समजावता आला हे चूकच आहे, ते मीही म्हणते. त्यांचं म्हणणं असं की कसं पकडलं ते सांगितलं तर ठरवून करणारे त्यातून वाट काढतील.

आणि हो, व्हिडिओ चॅनलच्या कमाईचा विचार मनात असेल तर त्याच कंपनीच्या व्हिडिओंना हेच खातं लागतं. तिकडं आधी वेळ घालवू नका.

---

कडोलीचे गुरुजी

सौ. ताईंस नमस्कार. मला त्या खात्यातलं काही कळत नाही. मी शाळेतून निवृत्त झालेला माणूस, घरची दोन एकर शेती.

तुमचा अकराव्या रकान्यावरचा लेख माझ्याकडं छापून ठेवलेला आहे. सोसायटीचं कर्ज मी फेडलं, पावती पेटीत ठेवली आणि निश्चिंत झालो. तुमचा लेख वाचून पहाणी काढली तर बोजा तसाच. तो कमी करायला वेगळा अर्ज द्यावा लागतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. फेडलेल्या कर्जाचा बोजा आणखी वीस वर्षं राहिला असता, आणि माझ्यामागं मुलं गोंधळात पडली असती. तुम्ही न लिहून कसं चालेल?

पैशाचं सुचवतो. आमच्या भागात रोपवाटिका आहेत, बी-बियाण्यांची दुकानं आहेत, जमीन मोजणीवाले आहेत. कडोलीला, उचगावला, येळ्ळूरला साहित्य संमेलनं होतात, त्यांच्या स्मरणिकांना हीच दुकानं दरवर्षी जाहिरात देतात. मी स्मरणिकेसाठी पावतीपुस्तक घेऊन फिरलेलो आहे, दार कुणी लावत नाही. महिन्याला ३०० रुपये मागा. जाहिरात कुणाची ते तुम्हाला माहीत, वाचणाऱ्याला माहीत, आणि हिरवं बटण असणार नाही. मोबाइलवरून पैसे पाठवायची ती चौकोनी खूण लेखाखाली लावा असंही कुणी म्हणेल, पण पहाणी वाचायला आलेल्या म्हाताऱ्यापुढं ती ठेवू नये असं मला वाटतं.

---

निपाणीकर

टिळकवाडीच्या ताईंचं बरोबर दिसतंय. मी त्या वेळी गोलगोल लिहिलं होतं, आणि उत्तर दोन ओळींत 'नाही' असं आलं. गुरुजी म्हणतात तशा जाहिराती घेणार असाल तर एक सांगतो, पैसे आगाऊ घ्या, तीन महिन्यांचे. उधारीवर दिली की मागायला तुम्हालाच लाज वाटते.

---

मलप्रभाकाठ (खानापूर)

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांना उत्तर द्यायचं होतं, पण आधी काम केलं.

अर्ज सगळं खरं लिहून पाठवला. पुतण्याला शेजारी बसवून लिहिला. रोज रात्री किती वाजता, किती जण, केव्हापासून, ते त्यानंच सांगितलं. ट्रॅक्टरवाल्याचं उदाहरण त्याला वाचून दाखवलं, तेव्हा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "कुणाच्या तरी खिशातून जातात हे डोक्यातच आलं नव्हतं." दुकानातल्या जोडणीचा आकडाही लॉगमधून काढला. दिवसाला ६०-७० पानं नुसती आमच्याच चार कॉम्प्युटरवर उघडत होती. मी ते वाचक समजून आनंद मानत होते.

आठ दिवसांनी उत्तर आलं. खातं परत मिळणार नाही. त्या रात्री जेवण गेलं नाही, खोटं कशाला सांगू. ३० दिवसांचा तो हिशेब आला तर बघेन, पण आशा धरलेली नाही. दिरांना मात्र स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. निपाणीचे दादा, तुमच्या घरच्या ताईंचं वाचलं नसतं तर मी कदाचित हो म्हटलं असतं.

मग एका रविवारी बसून सगळ्या पानांतून जाहिरातींचा कोड काढला. सगळ्या पानांच्या एकाच साच्यातून तो एकदाच निघेल असं वाटलं होतं, पण जुन्या तीसेक लेखांत मी तो हातानं मधेमधे चिकटवला होता, एकेक उघडून काढावा लागला. त्या निमित्तानं स्वतःचे जुने लेख पुन्हा वाचले. 'पहाणी कशी काढावी' मध्ये आता फोटोवर लाल गोल करून दाखवलंय, खरं बटण कुठलं ते. जांबोटीकडं नेटवर्क जेमतेम असतं, तिथल्या एकांनी न विचारता कळवलं की पान पहिल्यापेक्षा लवकर उघडतं.

गुरुजी, तुमचा सल्ला घेऊन मी तीन ठिकाणी गेले. दोघांनी बघू म्हटलं. इदलहोंडच्या बाजूच्या एका रोपवाटिकेनं काजूच्या कलमांची जाहिरात दिली, तीन महिन्यांचे ९०० रुपये आगाऊ. साइटचं भाडं अजून निघायचंय, पण सुरुवात आहे. वर 'जाहिरात' असं ठळक लिहून लावलीय, आणि लेखापासून चांगली लांब.

काल रात्री लिहायला बसले. वडील वारले की पहाणीवर मुलांची नावं लावायची, कानडीत त्याला 'पौती' म्हणतात, त्यावर. आपल्याकडं सरसकट 'वारसा लावणे' म्हणतात आणि लोकांना वाटतं मृत्यूचा दाखला दिला की झालं. गुरुजी, बोजा कमी करायला दिलेल्या तुमच्या अर्जाची पोच असेल तर नाव आणि सर्व्हे नंबर झाकून एक फोटो पाठवाल का? त्या पोचेवर कानडीत काय काय लिहिलेलं असतं, तो पुढचा लेख.