गोरेवाडा: खेड्यावरून येणाऱ्यांसाठी

काटोल, कळमेश्वर, सावनेरकडून लेकरंबाळं घेऊन येणारे बरेचजण नागपूरच्या गोरेवाडा प्राणीसंग्रहालयात अन् जंगलात भर दुपारी पोचतात आणि "काईच नाई दिसलं" म्हणत परततात. नेहमी जाणाऱ्यांनी वाट, वेळ, सामान एवढंच लिहा. (खाली प्रत्येक उत्तराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

एसटीचा पास
गोरेवाडा सोमवारी बंद असते, हे पयले ध्यानात ठेवा. काटोल रोडनं येत असाल तर शहरात शिरायच्या आतच उतरा. बसस्टँडवर गेलात की ऑटोला पैसे देऊन तेवढंच मागं यावं लागते. बससफारी (26 जानेवारी 2021 ला सुरू झाली) अन् जिप्सीतली जंगलफेरी वेगळ्या, तिकिटंही वेगळी. बसमधून दिसतात ते कुंपणातले वाघ, बिबट, अस्वल. जिप्सीच्या रानात जनावर मोकळं, दिसलं तर दिसलं.

टिटवी
उन्हाळ्यात सकाळची पहिली फेरी धरा. ऊन तापलं की वाघ सावलीत नाहीतर पाण्यात पडून राहतो, बस कितीही वेळ थांबवली तरी उठत नाही. फोटोसाठी मोबाईल काचेला टेकवून धरा, आतलं प्रतिबिंब जाते. फ्लॅश बंद.

काळी माती
खरी गंमत गोरेवाडा तलावाकाठी, तीही थंडीत. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक पाहायला 8×42 ची (8 पट मोठं दाखवणारी) दुर्बीण पुरते. खाकी किंवा मातकट कपडे घाला. पांढरा शर्ट दिसला की बदकं पाण्याच्या मध्यावर सरकतात. तलाव 1912 चा, नागपूरला पाणी पाजण्यासाठी बांधलेला. निर्माल्य टाकायची जागा नव्हे ती!

दिवाळीनंतर कुसळी गवत वाळते. त्याच्या कुसळीच्या टोकाचे बारीक काटे मागं वळलेले असतात, म्हणून कुसळ कपड्यात आत जाते पण उलटी ओढली तर निघत नाही. टोक जिकडं, तिकडूनच ओढून काढा. लोकरी मोजे घालूच नका, गुळगुळीत कापडाची पँट बरी. पावसाळ्यात पांदणीतून दुचाकी काढली तर मडगार्डात चिखल गच्च बसतो अन् चाक जाम होते. चिखल खरवडायला एक काडी डिक्कीत ठेवाच.

मोहफूल
आग्या मोहोळाखाली विडी, अगरबत्ती, अत्तर काही नको. माश्या उठल्याच तर हात झाडू नका. शेल्यानं किंवा ओढणीनं तोंड झाकून सरळ दूर पळा. पाण्यात उडी मारून फायदा नाही, त्या वर घिरट्या घालत थांबतात. काटा नखानं खरवडून लगेच काढा, तो रुतलेला असेस्तोवर विष सोडत राहतो. जास्त चावल्या किंवा दम लागला तर थेट दवाखाना.

एसटीचा पास
राहिलंच. माणशी 2 लिटर पाणी घ्या. शिदोरी पिशवीत बांधलेली ठेवा, वानरं झडप घालतात. आणि गावाशिवारात जखमी जनावर किंवा बिबट दिसला तर वनविभागाचा नंबर 1926.